घट हिरवा आला

यंदाच्या नवरात्रातली गोष्ट. पाचव्या माळेचा दिवस. सकाळी देवापुढे दिवा लावला आणि सहज घटाकडे पाहिलं. गहू छान दाट उगवला होता, पण हिरवागार! शेजारी उभ्या असलेल्या नातीला भारी आनंद झाला. "आजी, आपला घट ग्रीन झाला!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हिरवा आला?"

सूनबाई ओट्यापाशी डबे भरत होती. ती वळून म्हणाली, "का हो आई, हिरवा चालत नाही का?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. पण मला धड उत्तर देता येईना. "चालतो गं, न चालायला काय झालं," असं काहीतरी पुटपुटले आणि फुलं निवडायला बसले. दिवसभर मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण तीस वर्षांपूर्वी तो मी विचारायला हवा होता, आणि विचारला नव्हता. म्हणून आज लिहायला बसले आहे.

ज्यांच्याकडे घट बसत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, मका, हरभरा असं धान्य पेरायचं आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, माती ओली राहते आणि नऊ दिवसांत धान वर येतं. रोज एक फुलांची माळ सोडायची. दसऱ्याला ते कोवळे तुरे देवाला वाहायचे, पुरुषांनी टोपीत खोवायचे, बायकांनी केसांत माळायचे. पूर्वी माती शेतातून यायची. आता नेरुळच्या बाजारात माती, घट, धान्य सगळं पुडीत मिळतं. आणि आमच्या सासरचा समज असा, की धान जितकं उंच आणि जितकं पिवळंधमक, तितकं पुढचं वर्ष चांगलं.

गावाकडे धान पिवळंच यायचं. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरात देव माजघरात होते. तिथे दिवसासुद्धा कंदील लावल्याशिवाय पोथी वाचता येत नसे. १९९३ साली संस्थेने माझी बदली नवी मुंबईला केली, आम्ही नेरुळला सिडकोच्या घरात आलो आणि १९९५ साली पहिल्यांदा घट आमच्याकडे बसले. दोन खोल्यांच्या घरात देवांना जागा कुठली? स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीशेजारी एक फळी ठोकली होती, तिथेच घट मांडला. सकाळचं ऊन थेट त्यावर यायचं. मला तर ते फार प्रसन्न वाटलं होतं.

सहाव्या माळेला सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कधी हिरवा आला नव्हता."

एवढंच. त्या काही भांडखोर नव्हत्या, मला त्यांनी कधी वावगं बोलल्याचं आठवत नाही. पण दिवाळीच्या तोंडावर थोरल्या दिरांचा स्कूटरवरून पडून पाय मोडला. दवाखान्याच्या जिन्यात नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "यंदा घट हिरवा आला होता म्हणे." (जाऊबाई, तुम्ही हे वाचाल याची मला कल्पना आहे. ते वाक्य तुमचं नव्हतं, काळजी करू नका!) कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणंच मला जास्त लागलं.

आता खरी गंमत ऐका. त्याच आठवड्यात मी सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, 'हरितद्रव्य तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशाची आवश्यकता असते.' मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. पण विज्ञानाचे शिक्षक कमी पडले की सामान्य विज्ञान माझ्या गळ्यात यायचं, आणि अशी मी ते बरीच वर्षं शिकवलं. फळ्यावरचं ते वाक्य घरातल्या घटाला लागू पडतं, हे मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण मी बोलले नाही. पुढच्या वर्षी ओट्याखालच्या अंधाऱ्या कप्प्यात घट मांडला. धान लांबलचक आणि पिवळंजर्द आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

दुसरी कबुली याहून जुनी आहे. साल १९८२. कृष्णाकाठची शाळा, तोच धडा, तेच वाक्य. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, आमचा ऊस दिवसभर उन्हातच असतो. मग तो पिवळा का पडलाय?" मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल. तो म्हणाला, "न्हाई बाई, पाणी बक्कळ हाय. आणि खालची पानं हिरवीच हायती. वरची कोवळी तेवढी पिवळी, आणि शिरा हिरव्या." वर्गात हशा पिकला. मला वाटलं, हा माझी फिरकी घेतोय. "बस खाली," म्हटलं. तो बसला, आणि पुन्हा त्याने विज्ञानाच्या तासाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

तो फिरकी घेत नव्हता. आमच्या भागातले शेतकरी त्याला 'उसावर केवडा पडला' म्हणतात. केवड्याच्या पानासारखा फिकट पिवळा रंग येतो म्हणून केवडा. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळेनासं झालं की असं होतं, आणि त्यावर हिराकस शेणखतात मुरवून देतात किंवा फवारतात. हे त्या मुलाच्या बापाला नक्की ठाऊक असणार. ठाऊक नव्हतं ते मला, आणि खडू माझ्या हातात होता.

तर या दोन गोष्टी मनात घेऊन मी यंदा पुन्हा विद्यार्थिनी झाले. राहुरीला कृषीची पदवी घेतलेला माझा भाचा आहे, त्याला फोनवर पिडलं, थोडं वाचलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

आपण 'हरितद्रव्य' म्हणतो तेव्हा डबीत भरून ठेवलेला हिरवा रंग डोळ्यांपुढे येतो. पण पान तो रंग कुठून आणत नाही, स्वतः बनवतं, आणि कृती बरीच लांबलचक आहे. सुरुवात होते ग्लुटामिक आम्लापासून. अजिनोमोटो हा याच आम्लाचा क्षार. त्यापासून एक चिमुकला रेणू तयार होतो. असे आठ रेणू दोन-दोनच्या जोड्यांनी एकत्र येऊन चार छोट्या कड्या होतात, आणि त्या चार जोडून एक मोठं कडं. आता या कड्याच्या मध्यभागी कोण बसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. लोह बसलं, तर ते होतं हीम, म्हणजे आपल्या रक्ताला लाल रंग देणारं. मॅग्नेशियम बसलं, तर रस्ता हरितद्रव्याकडे जातो. आपल्या रक्तातलं आणि गव्हाच्या पात्यातलं कडं या वळणापर्यंत एकच असतं! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुन्हा पुसला.

मॅग्नेशियम बसल्यावर आणखी काही फेरफार होतात आणि एक जवळजवळ तयार पदार्थ हाती येतो. त्याचं नाव प्रोटोक्लोरोफिलाइड. नाव विसरलात तरी चालेल. इथे गहू, ज्वारी, मका, हरभरा या सगळ्यांची गाडी थांबते, कारण पुढची एक पायरी उजेडाशिवाय होतच नाही. ती करणारं विकर उजेड पडला तरच काम करतं. भाजी चिरलेली, मसाला वाटलेला, फोडणीचं साहित्य काढलेलं, फक्त गॅस पेटायचा आहे, अशी अंधारातल्या कोंबाची स्थिती. तो तयारीसुद्धा बेताचीच करून ठेवतो, कारण या अर्धवट मालाचा साठा फार झाला आणि एकदम ऊन पडलं तर पेशींनाच इजा होते. उजेड आला की ती पायरी क्षणात पार पडते, मग वीस कार्बनांची एक शेपटी जोडली जाते आणि हरितद्रव्य तयार होतं. (पाइनच्या जातीच्या झाडांकडे याच पायरीसाठी अंधारात चालणारं वेगळं विकर असतं, त्यामुळे त्यांची रोपं अंधारातही हिरवी होतात. आपल्या घटात पाइन कोण पेरतंय म्हणा!)

मग अंधारातलं धान पिवळं का? पिवळी रंगद्रव्यं उजेडाविना बनतात. ती पानात एरवीही असतात, हिरव्याखाली झाकलेली. हिरवं तयारच झालं नाही की ती दिसतात. आणि धान उंच का होतं? ते उजेड शोधत लांबत जातं, बियातल्या शिदोरीवर जगत. म्हणजे आम्ही ज्या उंच, पिवळ्या धानाला शुभ म्हणत होतो ते बिचारं उजेडासाठी माना उंचावत होतं, आणि १९९५ साली माझ्या खिडकीत उगवलेलं बुटकं हिरवं धान स्वतःचं अन्न स्वतः तयार करायला लागलं होतं. हे लिहिताना हसू येतं, आणि थोडं दुसरंही काही येतं.

त्या मुलाच्या उसाचं उत्तरही याच कृतीत आहे. लोह हरितद्रव्याचा भाग नाही, पण ते बनवताना मधल्या एका पायरीला लोह लागतंच. पुरीत कढई नसते, पण कढईशिवाय पुरी तळता येत नाही, तसं. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे अशा रूपात अडकतं की मुळांना घेता येत नाही. आणि ऊस आपल्या जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना सहसा देऊ शकत नाही. म्हणून खालची पानं हिरवी आणि वरची कोवळी पिवळी, शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकी. मॅग्नेशियम कमी पडलं तर उलटं होतं. ते जुन्या पानांतून नव्यांकडे जातं आणि पिवळी पडतात ती आधी खालची. म्हणजे त्या अकरा वर्षांच्या पोराने उभं राहून जे वर्णन केलं होतं ते अचूक निदान होतं. कृषी महाविद्यालयातल्या मुलाने पेपरात लिहिलं असतं तर गुण मिळाले असते. माझ्या वर्गात त्याला हशा मिळाला.

एकंदरीत ही कृती समजून घ्यायला मोठमोठ्या डोक्यांनाही वेळ लागलाच. पेल्तिए आणि कावांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८१७ च्या सुमारास पानातून हा रंग वेगळा काढला. कोयनेल शोधणारे हेच दोघं. त्यात मॅग्नेशियम आहे हे दाखवणाऱ्या विलश्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं. आणि प्रयोगशाळेत हरितद्रव्य बनवायला वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० साल उजाडलं. गव्हाचं पातं हेच काम खिडकीत बसून करतं.

आता माझं मत सांगते. पटलं नाही तर जरूर भांडा.

आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, 'वनस्पतींमध्ये हरितद्रव्य असते.' नातीला विचारलं तर ती म्हणाली, "क्लोरोफिल इज प्रेझेंट इन लीव्ह्ज." भाषा बदलली, क्रियापद तेच राहिलं. सगळा घोटाळा या 'असते'त आहे असं मला वाटतं. 'असते' म्हटलं की प्रश्न संपतो. आहे तर आहे, नाही तर नाही. आणि एखाद्या वर्षी नसलं की मग माणूस विचारतो, कुणाचं काय चुकलं? 'तयार होते' म्हटलं तर प्रश्न सुरू होतो. कशापासून? कधी? काय कमी पडलं तर अडतं? मी फळ्यावर 'तयार होण्यासाठी' असं लिहिलं खरं, पण ते घोकून घेण्याचं वाक्य म्हणून लिहिलं. कसं तयार होतं हे ना मी कुणाला विचारलं, ना कुणाला विचारू दिलं.

सहावीच्या मुलांना प्रोटोक्लोरोफिलाइड शिकवा असं मी म्हणत नाही. पण 'पान हा रंग स्वतः बनवतं, आणि त्याला उजेड, मॅग्नेशियम, लोह, नत्र लागतं' एवढं सांगायला काय हरकत आहे? मग मूग-मटकीला फडक्यात मोड आणले की पांढरे का येतात, टोपलीत वरच राहिलेला बटाटा हिरवा का होतो, सोसायटीतल्या आंब्याची नवी पालवी आधी तांबूस आणि मग हिरवी का, हे सगळे एकाच धड्याचे प्रश्न होतात. आणि उसाचा मुलगा वर्गात उभा राहिला की तो धड्याबाहेरचा वाटत नाही.

काही जण म्हणतील, बाई, देवधर्मात कशाला विज्ञान आणता? माझ्या नणंदबाई तर नक्की म्हणतील. माझं म्हणणं एवढंच, की मी घट बसवणं सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. दसऱ्याला पांढऱ्या टोपीवर पिवळा तुरा काय सुंदर दिसतो! आणि जुन्या बायकांना कमी लेखायचा माझा विचार नाही. घट कुठे मांडायचा, पाणी किती घालायचं, माती कशी हवी, हे त्यांना चोख ठाऊक होतं. पिवळं धान कसं आणायचं ही कला त्यांचीच. चूक पुढे झाली. देवघर अंधारातून खिडकीत आलं हे कारण डोळ्यांसमोर असताना आम्ही ते सोडून माणसाकडे पाहिलं. आणि असं पाहायची वेळ आली की ते माणूस बहुतेक वेळा घरातली सून असते. मला तेव्हा कारण ठाऊक होतं. "सासूबाई, इथे ऊन येतं ना, म्हणून हिरवा आलाय," एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. त्या समजूतदार होत्या, कदाचित "असं होय!" म्हणाल्याही असत्या. मी त्यांना ती संधीच दिली नाही. २००६ साली त्या गेल्या.

असो. दसरा झाल्यावर नातीला घेऊन एक उद्योग केला. दोन वाट्यांत गहू पेरला. एक वाटी खिडकीत, दुसरी कपाटात. सात दिवसांनी कपाटातली बाहेर काढली, तर पिवळेजर्द लांब कोंब. रविवारी सकाळी आठ वाजता ती खिडकीत ठेवली आणि नातीला म्हटलं, बघत राहा. दर तासाला तिची फेरी. दुपारी बारा वाजता म्हणाली, "आजी, मला वाटतंय, पण नक्की नाही." चारला ओरडतच आली. पात्यांवर हिरवट झाक स्पष्ट दिसत होती. अंधारात थांबलेलं काम एका दिवसात सुरू झालं होतं. सूनबाईपण हात पुसत बघायला आली, आणि मग तिथेच उभं राहून मी तिला १९९५ ची सगळी गोष्ट सांगितली. पाय मोडल्याची, जिन्यातल्या वाक्याची, ओट्याखालच्या कप्प्याची. ती म्हणाली, "आई, तुम्ही पाचव्या माळेला असं का म्हणालात ते आत्ता कळलं."

तो उसाचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. कुठे आहे मला माहीत नाही. त्याच्यापर्यंत हे पोचलंच तर, बाळा, पाणी कमी पडलं नव्हतं, तू पाहिलंस ते बरोबर होतं. लोह मिळत नव्हतं. उत्तर द्यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली, त्याबद्दल बाईंना माफ कर.

पुढच्या वर्षी घट कुठे मांडायचा हे मी सूनबाईवर सोपवलं आहे. नातीचा आग्रह आहे की दोन मांडायचे, एक खिडकीत आणि एक ओट्याखाली. दोन घट चालतात का, ते आता नणंदबाईंना विचारायला हवं!